शून्याची टिकली

यंत्राला माणूस कळतो. लोखंड, चुंबक आणि तांब्याची तार यांच्या पलीकडे यंत्राच्या आत काहीतरी असतं, आणि ते समोर उभ्या असलेल्या माणसाची योग्यता एका क्षणात जोखतं. माणूस माणसाला फसवू शकतो, यंत्राला नाही.

मुरलीधरअण्णा दुसाने हे मला अत्यंत शांतपणे सांगत होते, तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती, तोंडात शेंगदाणा होता, आणि यावर आधी मान हलवावी की आधी शेंगदाणा चावावा हे मला ठरवता येत नव्हतं. मी दोन्ही एकदम केलं आणि जीभ चावली.

"पटतंय ना?" अण्णांनी विचारलं.

"शंभर टक्के," मी डोळ्यांतलं पाणी आवरत म्हणालो. मला बत्तिसावं लागलं होतं. त्या वयात मुलीच्या वडिलांचं सगळंच पटतं.

ही गोष्ट दोन हजार दहा सालच्या मार्चमधली. नाशिकहून आम्ही तिघं मनमाडला मुलगी बघायला गेलो होतो: मी, आई आणि भास्करमामा. स्थळ मामांनी आणलं होतं. "मंडळी सुधारक आहेत," ते म्हणाले होते. "मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. आणि मुख्य म्हणजे पत्रिका बघत नाहीत!"

हे ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली होती. माझ्या पत्रिकेत मंगळ अशा घरात बसला होता की ती पाहिल्यावर गुरुजी आधी चष्मा पुसायचे आणि मग चहा नको म्हणायचे. त्यापायी आणि माझ्या चेहऱ्यापायी मिळून तोवर नऊ ठिकाणांहून नकार आला होता. पत्रिका न बघणारं घर म्हणजे आमच्यासाठी परीक्षा न घेणारी शाळा होती.

तसं घर नसतंच, हे मला पोहे संपता संपता कळलं.

अण्णा सडसडीत, पांढऱ्या पूर्ण बाह्यांच्या शर्टातले, खिशात पेनाच्या जागी विजेचा टेस्टर अडकवलेले गृहस्थ होते. त्यांनी माझा बायोडेटा दोनदा वाचला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"इलेक्ट्रिकल इंजिनिअर."

"हो," आई घाईने म्हणाली. "पहिल्या वर्गात पास झालाय. ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत आहे."

दोन्ही खरं होतं. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत मी टेंडर भरायच्या विभागात होतो. आठ वर्षांत मी तिथे हाताळलेलं सर्वांत धोकादायक यंत्र म्हणजे स्टेपलर. ट्रान्सफॉर्मर मला जेवणाच्या सुट्टीत लांबून दिसायचे.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "मग तुम्हाला जड जाणार नाही."

काय जड जाणार नाही, हे विचारायच्या आत पडद्यामागून वृंदा आली. निळसर साडी, लाल टिकली, हातात ट्रे. बसली. भास्करमामांनी घसा खाकरून ठेवणीतला प्रश्न काढला, "काय मग, स्वयंपाक येतो का?"

"येतो," ती म्हणाली. "काय करून देऊ?"

"नको नको," मामा मनापासून म्हणाले, "आत्ताच पोहे खाल्ले."

मला हसू फुटलं, पोहा श्वासनलिकेत गेला, आई पाठीत बुक्के मारायला लागली. त्या गडबडीत वृंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिकीट तपासनीस डब्यात शिरल्यावर ज्या नजरेने बघतो ना, तसं. आणि खोकत खोकत मला एकदम समजलं की दहावा नकार मला चालणार नाही. आधीचे नऊ चालले होते. दोन-तीन तर बरे वाटले होते. हा नाही.

"चला," अण्णा उठले. "मागच्या खोलीत जाऊ. वहिनी, तुम्ही आत बसा हिच्याशी बोलत. हे काम आम्हा पुरुषांचं."

आई स्वयंपाकघरात काकूंकडे, म्हणजे वृंदाच्या आईकडे, गेली. मी आणि मामा अण्णांच्या मागून निघालो.

मागची खोली म्हणजे निवृत्त माणसाचं साम्राज्य होतं. भिंतीवर स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे लावलेले. कोपऱ्यात फळीवर अण्णांच्या वडिलांचा फोटो, त्यापुढे उदबत्तीचं घर, आणि त्यात निदान दोन वर्षांची साठलेली राख. मधल्या टेबलावर एक फळकूट. फळकुटावर एक मोटर, जेमतेम पेढ्याएवढी. तिच्या नाकावर प्लास्टिकचं दोन पाकळ्यांचं पातं, आणि त्याभोवती जुन्या टेबल फॅनची जाळी.

"हीच ती," अण्णा म्हणाले. आवाज बदलला होता. देवळात गेल्यावर बदलतो तसा.

ती मोटर त्यांच्या पुण्याच्या पुतण्याची होती. तो खेळण्यातली विमानं उडवायचा. त्यातलं एक वडाच्या झाडात घुसलं, विमानाचा चुरा झाला, पण मोटर वाचली. अण्णांनी ती रुमालात बांधून मनमाडला आणली.

"पुतण्या ती बॅटरीवर चालवायचा," ते म्हणाले. "बॅटरी म्हणजे डबा बांधून नेणं. मी म्हटलं, आपल्याकडे आलीय तर घरचं जेवेल. भिंतीतल्या विजेवर चालली पाहिजे. आता भिंतीतून येतात दोनशे तीस व्होल्ट, आणि ही पिते बारा. थेट जोडलं तर?"

"जळेल," मी म्हणालो. एवढं मला येत होतं.

"शाबास. जळगावचा एक मुलगा थेट सॉकेटला लावायला निघाला होता. मी वेळेवर मेन स्विच बंद केला, म्हणून त्याचं नंतर दुसरीकडे लग्न तरी झालं." त्यांनी एका पत्र्याच्या पेटीवर हात ठेवला. "म्हणून मधे हा. जुन्या कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय. दोनशे तीस घेतो, बारा देतो. पण आपणहून जागा होत नाही. त्याची ही हिरवी तार काळ्या तारेला बांधून ठेवायची. मग त्याला वाटतं, कॉम्प्युटर सुरू झाला."

"म्हणजे त्याला फसवलं," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "समजावलं," ते म्हणाले.



पॉवर सप्लायपुढे काडेपेटीएवढा एक चपटा कंट्रोलर होता आणि त्यातून निघालेल्या तीन तारा मोटरला जोडल्या होत्या. या मोटरीत ब्रश नसतात, अण्णा सांगू लागले. ब्रशवाल्या मोटरीला वीज दिली की कुठे कधी सोडायची ते ती आतल्या आत बघून घेते. हिला ते कळत नाही. हिला बाहेरून कोणीतरी सांभाळावं लागतं. कंट्रोलर या तारेत वीज सोडतो, मग त्या, मग तिसऱ्या, सेकंदाला शेकडो वेळा. "तीन लायनींवर आळीपाळीने गाड्या घेणारा केबिनमास्तर म्हणा."

आणि त्या केबिनमास्तरला हुकूम द्यायला एक साबणाची डबी होती. आत अण्णांनी स्वतः जोडलेलं सर्किट, वर जुन्या रेडिओचा काळा गोल नॉब. नॉब एका टोकाला नेला की मोटर बंद, दुसऱ्या टोकाला नेला की पूर्ण वेग. पण रेडिओचा नॉब वर्षानुवर्षांच्या बोटांनी इतका गुळगुळीत झाला होता की कुठलं टोक कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून डबीवर खिळ्याने एक बाण कोरला होता आणि नॉबवर एक लाल टिकली चिकटवली होती.

"टिकली बाणासमोर म्हणजे शून्य," अण्णा म्हणाले. "वृंदाच्या पाकिटातली आहे. उन्हाळ्यात गोंद सुटतो, मग तीच नवी लावते. आता नियम ऐका. आधी टिकली बाणासमोर, मग भिंतीवरचं बटण. शून्य दिसलं की कंट्रोलर मोटरीतूनच तीन सूर काढतो. मग नॉब सावकाश वाढवायचा. पण सुरांऐवजी नुसती पीं-पीं झाली तर नॉबला हात लावायचा नाही. आधी वीज बंद! सिग्नल लाल असताना लिव्हर ओढायची नसते. छत्तीस वर्षांत मी ओढली नाही."

"बरोबर," मी म्हणालो.

"तीन संधी."

"कशाच्या?"

अण्णांनी खुर्ची ओढली, बसले, आणि मला ते सगळं सांगितलं.

पहिलं स्थळ आलं होतं तेव्हा त्या मुलाला त्यांनी सहज, कौतुकाने मोटर दाखवायला आणलं होतं. सकाळीच चालवून पाहिलेली मोटर. पण त्या मुलासमोर ती हलली नाही. पीं-पीं करत राहिली. अण्णांनी स्वतः करून पाहिलं, तरी नाही. मुलाकडचे निघून गेले, आणि संध्याकाळी बघावं तर मोटर गरगर फिरतेय. अण्णा चक्रावले. महिन्याभराने बातमी आली: त्या मुलाचं ओझरला आधीच एक लग्न झालेलं होतं.

"तिला कळलं होतं," अण्णा मोटरीकडे बोट करून म्हणाले. "आम्हाला कोणाला कळलं नाही, तिला कळलं."

त्यानंतर त्यांनी प्रत्येकाला या खोलीत आणलं. पहिला धरून सात आले. सातही जणांसमोर मोटर हटून बसली. धुळ्याचा एक तर एम. टेक. होता, त्याने दीड तास घेतला आणि शेवटी म्हणाला की मनमाडची वीज खराब आहे. सातही वेळा, पाहुण्यांची गाडी स्टेशनातून सुटली की मोटर सुरू.

"पत्रिका-बित्रिका मी मानत नाही," अण्णा म्हणाले. "अंधश्रद्धा आहे ती. मी विज्ञान मानतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. मंगळ परवडला, असं आम्हा दोघांच्याही चेहऱ्यावर होतं.

"अहो, हा गणपतीत सगळं लायटिंग करायचा," मामा धीर धरून म्हणाले.

"माळ सॉकेटला लावायचो, मामा."

"तेच ते."

मी टेबलासमोर उभा राहिलो. टिकली अगदी काटेकोरपणे बाणासमोर आणली. इतकी काटेकोर की खाली वाकून एक डोळा मिटून पाहिलं. मनात कुलदेवतेला आणि कॉलेजातल्या मशीन्सच्या सरांना एकदम नमस्कार केला आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

पीं. पीं. पीं. पीं.

"वीज बंद!" अण्णा ओरडले. मी बंद केली.

"एक," ते म्हणाले.

बाहेरून आईचा आवाज आला, "झालं का रे श्रीरंगा?"

"होतंय!" मामा म्हणाले.

मी गंभीर चेहरा करून तारा तपासल्या, म्हणजे प्रत्येक तार जरा ओढून पाहिली. टेंडरच्या फायलीची दोरी मी तशीच ओढून बघतो. सगळ्या घट्ट होत्या. काहीतरी करायला हवं होतं. चार वर्षं शिकलेल्या विद्येतली जी एकच गोष्ट डोक्यात उरली होती ती वर आली: तीन तारांच्या मोटरीच्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. उलटी फिरून काय उपयोग, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मी मोटरीकडच्या दोन तारांची सोनेरी टोकं उपसली, आणि हिची तिला, तिची हिला खोचली.

अण्णा पुढे वाकले. "हे का केलंत?"

"फेज सीक्वेन्स," मी म्हणालो. असल्या वेळी इंग्रजीत एक शब्द बोलावा आणि दुसरा बोलू नये.

अण्णा मागे सरकले. आदराने की काळजीने, कळलं नाही. मी टिकली पाहिली, बाण पाहिला, बटण दाबलं.

पीं. पीं. पीं. पीं.

"दोन."

मामांनी रुमालाने मान पुसली. त्यांच्या तोंडावर परतीच्या गाडीचं वेळापत्रक दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात दारात वृंदा आली. हातात चहाचे कप. "अण्णा, आईने बोलावलंय. गॅसचं सिलिंडर बदलायचंय, रेग्युलेटर बसत नाहीये."

"आत्ता?"

"चहा अर्धाच उकळलाय. एवढाच झालाय. बाकी सगळे तसेच बसलेत."

अण्णा उठले. सिग्नल खात्यातल्या माणसाला बिघाडाची हाक दुर्लक्षून चालत नाही. "कोणी हात लावू नका," असं म्हणून ते गेले.

"आणि मामा," वृंदा म्हणाली, "बाहेर तुमचा मोबाइल वाजतोय बहुतेक."

मामांचा मोबाइल मामांच्या खिशात होता. त्यांनी तो तिथल्या तिथे दाबून बंद केला आणि "हो हो, वाजतोय खरा," असं म्हणत बाहेर गेले. त्या क्षणी मला मामांविषयी जो आदर वाटला तो पुन्हा कधी वाटला नाही.

खोलीत ती, मी आणि मोटर.

"तुम्ही खरंच इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहात?" तिने विचारलं.

"कागदावर."

"आणि कंपनीत?"

"टेंडर भरतो. किमतीचं पाकीट वेगळं, तांत्रिक पाकीट वेगळं. दोन्हींना लाख लावतो."

"म्हणजे ही चालवता येत नाही."

"नाही."

"तारा कशाला बदलल्यात मग?"

"काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून."

ती हसली नाही. पण न हसण्यासाठी तिला थोडे कष्ट पडले, ते मला दिसले.

"सात जण येऊन गेले," ती म्हणाली. "येत नाही असं एकही म्हणाला नाही. धुळ्याचा तर मलाच समजावत होता की वीज म्हणजे काय."

"तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

"ते त्याला मी दोनदा सांगितलं." तिने कप पुढे केला. "चहा घ्या. आणि ती पोह्यांची बशी अजून हातात का धरलीय? यंत्राजवळ नको, तिकडे खिडकीत ठेवा."

बशी खरंच अजून माझ्याच हातात होती. दोन्ही वेळा मी ती काखेत धरून बटण दाबलं होतं. मी खिडकीकडे गेलो, बशी ठेवली, आणि परत येईपर्यंत ती दारात पोहोचली होती.

"घाबरू नका," ती म्हणाली. "बाहेर तुमचं बरं चाललंय." आणि गेली.

बाहेर म्हणजे कुठे, आणि माझं तिथे काय चाललं असेल, याचा विचार करण्याइतका वेळ नव्हता. अण्णा हात पुसत आले. मागोमाग मामा. मामांमागे, काहीतरी घडणार असा वास लागल्यासारखी आई. आईमागे काकू.

"तीन," अण्णा म्हणाले. "शेवटची. तारा पूर्ववत करायच्या असतील तर करा."

"राहू द्या," मी म्हणालो. पूर्ववत कशा होत्या ते मला आठवत नव्हतं.

मी नॉब धरला. टिकली फिरवत बाणासमोर आणली. तेव्हा नॉब जरा जास्तच लांब फिरवावा लागला असं एक क्षणभर वाटलं खरं, पण परीक्षेत घड्याळही जास्त वेगाने फिरतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. बटण दाबलं.

मोटरीने सा, ग, प असे तीन स्वच्छ सूर काढले.

मी नॉब एक कणभर सरकवला. पातं दचकलं, हललं, फिरलं. अजून एक कणभर. पातं दिसेनासं झालं आणि त्याच्या जागी एक चकाकतं वर्तुळ आलं.

"अजून!" अण्णा ओरडले. "अजून वाढवा! भिऊ नका!"

मी वाढवला. आणि इथे माझ्या अदलाबदलीचं फळ समोर आलं. एरवी ती मोटर टेबलासमोर उभ्या असलेल्याच्या तोंडावर वारा टाकायची. आता ती उलटी फिरत होती, आणि सगळा वारा मागच्या फळीकडे चालला होता. फळीवर उदबत्तीचं घर होतं. अण्णा कौतुकाने नेमके त्या फळीला टेकून उभे होते.

दोन वर्षांची राख एकदम उठली. भिंतीवर आपटली, परत फिरली, आणि अण्णांच्या डोक्यावर, चेहऱ्यावर, पांढऱ्या शर्टावर सावकाश उतरली. कॅलेंडर खिळ्यावरून निघून मामांच्या छातीवर येऊन आपटलं. आई खोकायला लागली, काकू "अगं बाई, अगं बाई" म्हणत पदर शोधायला लागल्या. आणि मी, नॉब कुठल्या बाजूला नेला की कमी होतं हे घाईत विसरलो आणि अजून वाढवला.

मोटर किंचाळली. मग त्या पत्र्याच्या पेटीने, एवढी वीज आपल्याच्याने होणार नाही असं ठरवून, खट्ट आवाज केला आणि सगळं थांबलं.

राख अजून तरंगत होती.

अण्णांनी डोळे उघडले. नखशिखांत राखाडी झालेल्या चेहऱ्यात दोन डोळे. त्यांनी बोट लावून कपाळ पाहिलं, मग बोटाकडे पाहिलं, मग फळीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं.

"वडिलांचा अंगारा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वारा उलटा वाहिला. माझ्याच हाताने इतकी वर्षं चालवतोय, कधी उलटा वाहिला नाही." मग काकूंकडे वळून म्हणाले, "शकू, साखर आण."

साखर आली. अण्णांनी ती राखेच्या बोटांनीच माझ्या तोंडात घातली. मी गिळली. आईचे डोळे भरून आले, ते आनंदाने की राखेने हे तिलाही सांगता आलं नसतं. वृंदा दारात उभी होती, हाताने तोंड झाकून. लाजली असेल, असं मामा परतीच्या गाडीत म्हणाले.

मे महिन्यात आमचं लग्न झालं. लग्नात अण्णांनी ही हकीकत स्टेजवरून माइकवर सांगितली. यंत्राला माणूस कळतो, हे वाक्य तिथे प्रथमच तीनशे लोकांनी ऐकलं. मीही हळूहळू स्वतःची एक आवृत्ती तयार केली. ऑफिसात सांगताना तिच्यात फेज सीक्वेन्स असायचं. भाच्यांना सांगताना मी सर्किटमधला दोष वासावरून ओळखायचो. बारा वर्षांत ती हकीकत इतकी सुधारली की एकदा कंपनीच्या कारखान्यातल्या लोकांनी मला एका बिघडलेल्या मोटरीकडे बोलावलं. मी त्या दिवशी रजेवर गेलो.

मग मागच्या मार्चमध्ये भास्करमामांच्या धाकट्या मुलीला, अवनीला, बघायला पुण्याची मंडळी यायची ठरली. मामांचं घर लहान, म्हणून कार्यक्रम आमच्याकडे. अण्णा आता नाशिकला आमच्याकडेच असतात, आणि अण्णांबरोबर मोटर. मुलाला मागच्या खोलीत न्यायचं हे त्यांनी परस्पर जाहीर केलं होतं.

सकाळी मी काहीतरी शोधायला त्या खोलीत गेलो. वृंदा टेबलापाशी उभी होती. तिने नखाने नॉबवरची टिकली सोलून काढली, नॉबच्या दुसऱ्याच बाजूला चिकटवली, आणि अंगठ्याने नीट दाबली.

"अगं, शून्य तिकडे आहे," मी म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली. "अवनीला तो मुलगा नकोय. काल फोनवर रडत होती. मामांना सांगायची सोय नाही."

मला कळायला साधारण एवढा वेळ लागला: तिने टिकल्यांचं पाकीट बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर लावला, आणि टेबलावरची धूळ पुसली.

"टिकली इथे लावली की बाणासमोर आणल्यावर नॉब पूर्ण वेगावर," मी सावकाश म्हणालो. "आणि पूर्ण वेगावर वीज दिली की कंट्रोलर सुरूच होत नाही."

"कोणाचा हात कापू नये म्हणून तशी सोय असते त्यात. आठवीच्या मुलांना कळतं ते." ती माझ्याकडे बघत म्हणाली. "पहिल्या वेळी मात्र मी मुद्दाम केलं नव्हतं हं. टिकली पडली होती, मी घाईत भलतीकडे लावली, संध्याकाळी लक्षात आल्यावर जागेवर आणली. त्याचं ओझरचं निघालं तेव्हा अण्णांचा एवढा विश्वास बसला, मग मी म्हटलं राहू दे. नाही म्हणायचं काम परस्पर व्हायला लागलं."

"सातही वेळा?"

"सहा. पहिली चूक धरू नका."

"आणि माझ्या वेळी?"

"सकाळीच लावून ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येकाला लावायचे. तुम्ही खिडकीत बशी ठेवायला गेलात तेव्हा परत जागेवर आणली."

म्हणजे फेज सीक्वेन्स नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. मला ते थोडंफार माहीतच होतं. उलट मला एकदम भरून आलं. आठ जणांत एकटाच मी खरं बोललो होतो. येत नाही, असं सरळ म्हणालो होतो, आणि त्या एका शब्दासाठी या बाईने आपल्या हाताने आयुष्याची टिकली फिरवली होती. मी तिचा हात धरला.

"मी नाही म्हणालो म्हणून ना?"

"कशाला नाही म्हणालात?"

"मोटर चालवता येत नाही असं म्हणालो ना मी! खरं बोललो. म्हणून तू—"

"अहो, ते तुम्ही मी आत आल्यावर म्हणालात," ती म्हणाली. "टिकली फिरवायची हे मी चहा घेऊन निघतानाच ठरवलं होतं. नाहीतर सिलिंडरचा रेग्युलेटर कशाला काढून ठेवला असता?"

"मग का ठरवलंस?"

"स्वयंपाकघरात तुमच्या आई माझ्या आईला सांगत होत्या, नाशिकला तुमच्या बिल्डिंगमध्ये नळाला रोज दोन वेळ पाणी येतं."

मनमाडला तेव्हा त्यांच्या गल्लीत वीस दिवसांतून एकदा यायचं.